दुनळीचे फोटो : उजेड कागदावर टाकायचा, बंदुकीवर नाही

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या आजोळी दोन बंदुका आहेत. एक बारा बोअरची बेल्जियन दुनळी, बाहेर घोडे असलेली, दमास्कस (धातूच्या पट्ट्या पिळून केलेल्या, नक्षीदार) नळ्यांची. दुसरी ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू भरायची, एकनळी. कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) रानडुकरांचा आणि खेत्यांचा, म्हणजे माकडांचा, उपद्रव म्हणून जुन्या काळी घेतलेल्या परवान्यावर दोन्ही मामांच्या नावे नोंद आहेत. शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवानाधारकाला 70 वर्षे पूर्ण झाली किंवा हत्यार बाळगून 25 वर्षे झाली, यांतले जे आधी होईल तेव्हा ते कायदेशीर वारसाच्या नावे करायला अर्ज देता येतो. मामांनी तसे ठरवले तेव्हा दोन्ही हत्यारांची नीट छायाचित्रे काढून एक फाइल करावी असे निघाले. अर्जाला असे फोटो लागतातच असे नाही. पण जुन्या परवान्यात 'एक दुनळी बंदूक, बेल्जियम' एवढेच लिहिलेले असते आणि नंबराचा एखादा आकडा पुसट असतो. अशा वेळी चांगला फोटो बराच वाद मिटवतो.

आधी कायद्याचे बोलतो, कारण कॅमेऱ्याआधी तेच लागते. फोटो काढणाऱ्याच्या नावावर परवाना नसेल तर बंदूक त्याच्याकडे न्यायची नाही. त्याने बंदुकीच्या घरी यायचे, आणि परवानाधारकाने सगळा वेळ तिथे बसायचे. परवान्याचे पुस्तक जवळ ठेवायचे, त्यावर नोंदलेला हत्याराचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक आधी ताडून पाहायचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात, म्हणून माळ्यावर तिसरी सापडली तर तिचा फोटो समाजमाध्यमावर टाकण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन या. 'पोर्तुगीज काळातली आहे, तिला परवाना कशाला' असे गोव्यात सर्रास ऐकू येते. शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मधली सूट जुन्या घडणीच्या किंवा मोडक्या हत्याराला मिळते खरी, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही अशा स्थितीत असले तरच. नुसते वय पुरत नाही, आणि ते ठरवणारे आपण नव्हे.

2024 च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि नेहमीप्रमाणे परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघाला. शेतीसाठी परवाना असलेल्यांना सूट मागता येते, पण हंगाम संपत आला होता, मामांनी जमा करून टाकल्या. जमा करण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचा, क्रमांकाचा, दस्त्याच्या टोकाचा आणि आधीपासून असलेल्या प्रत्येक चरेचा फोटो घेऊन ठेवला, पावतीचाही घेतला. ही सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी. गोव्यात मतदान 7 मे रोजी झाले, निकाल 4 जूनला लागला, आणि त्यानंतर हत्यारे परत मिळाली तोवर पाऊस दारात होता.

पावसाळ्यात हे काम काढू नये. हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास असताना उघड्या पोलादावर बोटाचा ठसा उमटला तर काही तासांत तो तांबूस दिसू लागतो, आणि जुन्या ब्राउनिंगवरचा (नळीला दिलेल्या तपकिरी रंगाच्या थरावरचा) तो डाग नंतर निघत नाही. दुसरे कारण उजेडाचे. आमच्यासारख्या 15.5 अंश अक्षांशावर मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे जी उत्तरेची पडवी वर्षभर शांत उजेड देते असे आपण धरून चालतो, तिच्यात त्याच महिन्यांत ढगांची उघडीप झाली की थेट ऊन शिरते. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला 51 अंशांवर असतो आणि उत्तरेची पडवी दिवसभर एकसारखी राहते. चवथ झाली, दिवाळी झाली, पहाटेचे दव सुरू झाले, तेव्हा सामान जमवायला घेतले.

कॅमेरा आणि तिपाई घरात होती : 24 मेगापिक्सेलचा साधा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा, सोबत मिळणारी 18-55 ची लेन्स. बाकीचे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि एका स्टेशनरीच्या दुकानात मिळाले. सर्वांत महत्त्वाची खरेदी म्हणजे ट्रेसिंग पेपरचा रुंद रोल, ₹700. मग थर्माकोलचे चार पत्रे, करड्या रंगाचे जाड सुती कापड दोन मीटर, करडे कार्ड, नायट्राइल हातमोजे, आर्द्रता मोजायचे छोटे यंत्र, सिलिका जेल, हवेचा रबरी फुगा आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचे माप) 90 च्या वरचे दोन एलईडी दिवे. सगळे मिळून ₹4,600 च्या आसपास गेले, त्यात दिवेच ₹1,400 चे. दिव्यांवर कंजूषी करू नका. घरातल्या साध्या ट्यूबचा सीआरआय 80 च्या आसपास असतो. तिच्या उजेडात अक्रोडाचा दस्ता मेलेला, हिरवट तपकिरी दिसतो, आणि तो रंग संपादनात कितीही ओढला तरी जागेवर येत नाही. निवडणुकीचे फ्लेक्स उलटे करून पार्श्वभूमीला लावायची युक्ती पुष्कळ जण सांगतात. फुकट असते हे खरे, पण त्याला चकाकी असते आणि घडीची रेघ जात नाही.

काळे मखमली कापडही घेऊ नये. काळी नळी त्यात बुडून जाते, कडाच सापडत नाहीत. पांढऱ्यावर उलट होते : मागचा उजेड कडेवर चढतो आणि नळी बारीक दिसते. मधला करडा रंग दोन्ही त्रासांतून सोडवतो.

आता बंदूक हातात घेण्याआधीचे. ज्या खोलीत फोटो काढायचे तिथे काडतुसे नकोत, ती दुसऱ्या खोलीत कुलपात. दुनळी मोडून, म्हणजे बिजागरीवर मधून उघडून, दोन्ही खाने डोळ्यांनी पाहायचे, मग करंगळी घालून पाहायचे, आणि बंदूक दुसऱ्याच्या हाती देताना मोडलेलीच द्यायची. ठासणीच्या बंदुकीत मात्र आत डोकावता येत नाही, आणि पिढ्यानपिढ्या खुंटीवर टांगलेल्या अशा बंदुका भरलेल्या निघतात हे काही अप्रूप नाही. जुना बार ओलसर झाला असेल, मेला असेल असे समजू नये. गज नळीत हलकेच तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी चिकटपट्टीची खूण करायची, गज बाहेर काढून तोच नळीवर बाहेरून धरायचा. टोक कानाच्या छिद्रापाशी (जिथून बार पेटतो तिथे) पोचले तर नळी रिकामी. चार-पाच सेंटिमीटर आधीच थांबले तर आत काहीतरी आहे. तिथेच काम बंद करून परवानाधारक बंदूक-कारागिराला बोलवायचे. स्वतः ओढून काढायला जाऊ नये, आणि त्या नळीजवळ दिवा, उदबत्ती काही आणू नये.

फोटोसाठी घोडे चढवावेत असा मोह होतो. जुन्या दुनळीचे घोडे रिकाम्या खान्यावर आपटू देऊ नयेत, सुई तुटते. हवे असेल तर खान्यात स्नॅप कॅप (सुईला झेलणारे नकली काडतूस) घालून चढवा आणि अंगठ्याने धरून उतरवा.

एसीच्या खोलीतल्या कपाटातून बंदूक थेट पडवीत आणली की नळीवर दव धरते, लेन्सवरही. ती पिशवीतच बाहेर आणून तासभर तशीच ठेवायची, मग उघडायची. हातमोजे नायट्राइलचे हवेत. सुती मोजे घाम शोषून पोलादावर पुसतात, शिवाय गुळगुळीत दस्ता त्यांतून सटकतो. तेलाचा थर असेल तर तो दिव्याखाली ढगाळ पट्ट्यांसारखा उमटतो, म्हणून मऊ सुती फडक्याने जवळजवळ कोरडे होईपर्यंत पुसून घ्यायचे. ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेले रेनेसाँ वॅक्स मिळाले तर उत्तम, त्याची झाक एकसारखी येते. महाग आहे, पण वाटाण्याएवढे दोन्ही नळ्यांना पुरते. पितळ, चांदीकाम किंवा नळी 'चकचकीत' करण्यासाठी ब्रासो लावू नका. फोटो दोन महिने चांगला दिसेल आणि बंदुकीची किंमत कायमची उतरेल.

कॅमेरा वर आणि बंदूक जमिनीवर अशी मांडणी बहुतेक चित्रफितींत दाखवतात. ती करू नये. आडव्या दांड्यावरचा कॅमेरा निसटला तर सरळ दस्त्यावर पडतो. आम्ही पाच फूट बाय दोन फूट प्लायवूड भिंतीला टेकवून उभे केले, मागे साधारण 20 अंश कललेले. त्यावर करडे कापड इस्त्री करून ताणले आणि चार इंची दोन खिळे मारले, एक पुढच्या लाकडाखाली येईल असा, दुसरा दस्त्याच्या मानेखाली. खिळ्यांवर माशांच्या टाकीची सिलिकॉनची नळी चढवली. तीन किलोच्या आसपासची बंदूक त्यावर नीट टेकते. खाली गादी अंथरायचीच. घोडे बाहेर असलेल्या दुनळीत मागचा घोडा फळीला टेकून बंदूक तिरकी होते, म्हणून नळ्यांच्या मागे कापडात गुंडाळलेले फोमचे तुकडे सारून ती फळीला समांतर आणावी लागते. स्पिरिट लेव्हल नसली तर मोबाइलमधली चालते.

अंतराचा हिशेब करून घ्या. अशी बंदूक साधारण 115 सेंटिमीटर लांब असते, दोन्हीकडे थोडी जागा सोडली तर चौकट 125 सेंटिमीटरची. एपीएस-सीवर 55 मिमीला त्यासाठी जवळपास तीन मीटर मागे जावे लागते, आणि तेवढे जावेच. जवळून रुंद लेन्सने काढले तर मधला घोड्यांचा भाग फुगतो आणि नळीचे तोंड लांब ओढल्यासारखे येते. मोबाइलवर 1x सोडून 2x वापरा आणि पावणेदोन मीटरवर उभे राहा. त्यातला एआय आणि एचडीआर बंद करून प्रो मोडमध्ये रॉ (फोनने न बदललेली मूळ) फाइल घ्या, नाहीतर दमास्कसच्या नक्षीत तो स्वतःच्या मनाने रेघा भरतो.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा लेख लिहिला ती. ब्लू केलेली किंवा ब्राउन केलेली (रसायनाने निळसर काळी किंवा तपकिरी केलेली) नळी म्हणजे लांबट आरसा. तिच्यावर दिवा मारला तर दिव्याचा ठिपका दिसतो आणि बाकी नळी काळीच राहते. दुसरा दिवा लावला तर दोन ठिपके. नळी उजळायची असेल तर नळीला दिसणारी वस्तू उजळावी लागते, आणि ती वस्तू मोठी, पांढरी, एकसंध असावी लागते. दुनळी पहिल्यांदा पडवीत मांडली तेव्हा हे डोळ्यांसमोर आले. नळीच्या वरच्या बाजूला एक हिरवी रेघ, खालच्या बाजूला तांबडी. हिरवी रेघ समोरच्या पोफळींची होती, तांबडी पडवीच्या जमिनीची आणि चिऱ्याच्या गडग्याची. नळी हिरवी नव्हती, तांबडीही नव्हती. ती कुळागर दाखवत होती. हा रंग संपादनात काढायला गेले तर दस्त्याचाही रंग जातो. काढायचा तो समोरूनच.

लाकडी पट्ट्यांची पाच फूट बाय अडीच फुटांची चौकट करून तिच्यावर ट्रेसिंग पेपर ताणला, आणि ती बंदुकीच्या वर, जरा पुढे, हातभर अंतरावर दोऱ्यांनी टांगली. कागद बंदुकीपेक्षा दोन्हीकडे लांब हवा, आखूड असेल तर उजेडाची रेघ नळीच्या तोंडाआधीच तुटते. दिवे कागदाच्या मागे दोन फुटांवर ठेवले. फार जवळ ठेवले तर कागदावर दोन गरम ठिपके उमटतात आणि नळीवर तेच दिसतात. खाली जमिनीवर थर्माकोल, म्हणजे तांबडा रंग गेला. समोर कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना थर्माकोलचे पत्रे उभे केले, म्हणजे पोफळी गेल्या. दिवे लावल्यावर खिडकी-दार झाकून घ्या, बाहेरचा निळसर उजेड आणि दिव्याचा उजेड एकत्र आले की पोलादाच्या दोन बाजू दोन रंगांच्या होतात. फोटो काढणाऱ्याने गडद कपडे घालावेत. पांढरा सदरा चाप-कड्याच्या गोलाईत स्पष्ट दिसतो.

कागदाची रेघ नळीवर टोकापासून टोकापर्यंत सरळ बसली की तिचा आणखी एक उपयोग कळतो. नळीला पोचा असेल तिथे ती रेघ वाकते. बंदूक-कारागीर नळीची सरळाई अशाच सावलीच्या रेघेवरून तपासतात. डाव्या नळीवर तोंडापासून वीतभर अंतरावर असा एक हलका पोचा होता. हाताला लागत नव्हता, पण फोटोत रेघ तिथे पाण्यासारखी हलली. नोंदवहीच्या दृष्टीने असा एक फोटो दहा सुंदर फोटोंना भारी.

नुसत्या पांढऱ्या प्रतिबिंबाने नळी सपाट वाटू लागते. कागदाच्या पुढच्या कडेला दोन बोटे रुंदीची काळ्या कार्डशीटची पट्टी लावली की नळीवर पांढऱ्याशेजारी काळी रेघ येते आणि ती पुन्हा गोल दिसू लागते.

कॅमेऱ्याची मांडणी फार गुंतागुंतीची नाही. आयएसओ 100, छिद्र एफ/8, वेळ येईल ती. आमच्या दिव्यांत पाव सेकंद ते एक सेकंद. दोन सेकंदांचा टायमर लावायचा, लेन्सचे स्टॅबिलायझेशन तिपाईवर बंद करायचे, पंखा बंद, नाहीतर टांगलेला कागद झुलतो. जुन्या घराच्या माळ्यावर, लाकडी फळ्यांवर तिपाई लावू नका, कोणी चालले की खालची तुळई हलते. एफ/16 च्या पुढे जाऊन 'सगळे शार्प' होईल असे वाटते, पण विवर्तनाने बारीक कोरीव काम मऊ पडते. उजेडाचे माप चांदीच्या आणि उघड्या पोलादाच्या भागावरून ठरवा. कॅमेरा काळी वस्तू पाहून ती करडी करायला जातो आणि कोरीव काम पांढरे फेक होते, म्हणून दोन-तृतीयांश स्टॉप खाली ठेवून रॉमधून अंधार उचलणे सोपे. पहिल्या फोटोत करडे कार्ड आणि मोजपट्टी धरायलाच हवी.

पूर्ण बंदुकीच्या फोटोत 6,000 पिक्सेल 125 सेंटिमीटरवर पसरतात, म्हणजे एका मिलिमीटरला पाचसुद्धा येत नाहीत. दोन-तीन मिलिमीटरचा प्रूफचा (नळीची चाचणी झाल्याचा) ठसा त्यात दहा-पंधरा पिक्सेलचा ठिपका होतो. तो वाचायला वेगळाच फोटो लागतो. पूर्ण दृश्ये आम्ही चार ठेवली : उजवी बाजू नळीचे तोंड उजवीकडे करून, डावी बाजू, वरून आणि खालून. मग चाप, घोडे, कळ, मधले कोरीव काम, दस्त्याचे टोक, माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण), आणि सर्वांत शेवटी ठसे.

ठसे नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असतात, म्हणून पुढचे लाकूड काढून नळ्या सुट्या कराव्या लागतात. हे काम ज्याला येते त्यानेच करावे, मामांनी केले. इथे रुंद कागदी उजेड उपयोगी नाही, तो खोली पुसून टाकतो. एकच छोटा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ लागून, 10 ते 15 अंशांवर, वरच्या डाव्या कोपऱ्यातून टाकायचा. उजेड खालून आला तर डोळा फसतो आणि कोरलेला ठसा उठावदार वाटतो, आकडेही चुकीचे वाचले जातात. क्रमांकाचा एखादा आकडा झिजला असेल तर टॉर्च चारही दिशांनी फिरवून चार फोटो घ्या. 3 आणि 8 यांतला फरक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत उलगडतो. लेन्स जवळ जात नसेल तर एक्स्टेन्शन ट्यूब स्वस्तात मिळतात, आणि इतक्या जवळून पूर्ण ठसा स्पष्ट व्हायला फोकस थोडा थोडा सरकवत सात-आठ फोटो एकत्र करावे लागतात.

आमच्या दुनळीवर अंडाकृतीत ईएलजी ही अक्षरे निघाली, हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या प्रूफ हाउसचा ठसा. त्यावर मुकुट असेल तर बंदूक 1893 नंतर तपासलेली, नसेल तर त्याआधीची. आमच्या ठशावर मुकुट होता, पण अर्धा झिजलेला. तिरक्या उजेडाशिवाय तो ओरखडाच वाटत होता.

दमास्कस नळ्यांना पुन्हा वेगळे मन लावावे लागते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, जोडून त्या केलेल्या असतात आणि नक्षी दिसते ती दोन धातूंनी रसायन वेगवेगळे धरल्यामुळे. थेट टॉर्चखाली ती नाहीशी होते, रुंद कागदाखाली उमलते. इथे पोलरायझर फिल्टर लावून काही होत नाही म्हणून लोक वैतागतात. कारण असे की उघड्या धातूवरून परतणारा उजेड पोलराइज होत नाही. फिल्टर फक्त लाकडाच्या पॉलिशवरची आणि तेलाच्या थरावरची चमक कापतो. धातूची चमक मारायची तर दिव्यावरही पोलरायझर फिल्म लावून लेन्सवरचा आडवा फिरवावा लागतो. तसे करून पाहिले : नक्षी स्वच्छ आली, पण नळी कोळशासारखी निर्जीव झाली. नक्षीच्या नोंदीसाठी तसा एक ठेवला, बाकीचे साध्या कागदावरच.

जानेवारीत संपादन. डार्कटेबल हे संपादनाचे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरते. आधी लेन्सचा बाक, मग करड्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स, तोच सगळ्या फोटोंना चिकटवायचा. खिळे आणि धूळ पुसायची. काळ्या पोलादावर धूळ इतकी निघते की फुग्याने आधी फुंकायला आळस केलेला माणूस इथे दुप्पट वेळ देतो. पण गंजाचे खड्डे, ओरखडे, दस्त्याची भेग यांना हात लावायचा नाही. केस-हार्डनिंगचे (पोलादाचा पृष्ठभाग कडक करताना उमटलेले) निळे-जांभळे डाग गडद करायचा मोह आवरा. कागदपत्रासाठी काढलेल्या फोटोत तो खोटेपणा ठरतो आणि पाहणाऱ्याला वाटते की रंग पुन्हा चढवला आहे.

पूर्ण नळी मोठ्या तपशिलात हवी म्हणून कॅमेरा समांतर सरकवत तुकडे काढले आणि ह्युजिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडले. गुळगुळीत नळीवर सॉफ्टवेअरला खुणाच सापडत नाहीत आणि जोड सरकतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे नळीखाली छापील मोजपट्टीचा कागद चिकटवायचा. प्रत्येक तुकड्यात आकडे येतात, जोड त्यांवर बसतात, शेवटी पट्टी कापून टाकायची. तुकडे तिसऱ्या हिश्शाने एकमेकांवर यायला हवेत.

मूळ प्रत 16 बिट टिफ म्हणून ठेवली. नातेवाइकांना पाठवायच्या प्रती 2,048 पिक्सेलच्या, एसआरजीबी जेपेग. त्यांत क्रमांक झाकताना अस्पष्ट करू नका, तो कधी कधी पुन्हा वाचता येतो. ठोकळा काळा चौकोन टाकून चित्र सपाट करा. जीपीएस माहिती काढा. पार्श्वभूमीत घराचा दरवाजा, गडगा, गाडीचा नंबर येऊ देऊ नका. बंदूक घरी आहे हे गावाला माहीत असणे वेगळे आणि अख्ख्या इंटरनेटला पत्ता मिळणे वेगळे. हातात बंदूक घेऊन पोज दिलेले फोटो तर काढूच नयेत, त्यावरून पोलीस चौकशी होते. आणि फोटोखाली 'विकणे आहे' लिहिण्याआधी ध्यानात घ्या की परवानाधारकालाही हत्यार दुसऱ्याला विकण्याच्या किमान 45 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते.

छापताना पडद्यावर सुंदर दिसणारी काळी नळी कागदावर चिखल होते. छापायच्या प्रतीत सावल्या थोड्या उचलाव्या लागतात, आणि स्टुडिओवाल्याला 'ऑटो करेक्शन बंद ठेवा' हे निक्षून सांगावे लागते, नाहीतर त्याचे यंत्र करडी पार्श्वभूमी पांढरी करून देते. क्रमांकाचे फोटो बाहेर छापायला दिले नाहीत, ते घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर काढले, तेवढे पुरतात. प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने तारीख आणि हत्याराचे वर्णन लिहिले, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

फेब्रुवारीत मामांनी अर्ज दिला आणि फाइलीची एक प्रत सोबत लावली. पडताळणीला आलेल्या हवालदारांनी बंदूक हातात घेऊन नळीवरचा आकडा बराच वेळ उजेडाकडे धरला, मग फोटो मागितला, आणि त्यावरून क्रमांक उतरवून घेतला. जिल्हाधिकारी कार्यालयाचे पत्र अजून यायचे आहे. तोवर नळ्यांना वॅक्सचा पातळ हात दिला आहे, बंदुका चामड्याच्या म्यानातून काढून कापडी पिशवीत ठेवल्या आहेत, कारण चामडे ओल धरते आणि त्याच्या कमावणीतले आम्ल पोलाद खाते. कपाटातले सिलिका जेल रंग बदलले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येते. पाऊस सुरू झाला की ते दर पंधरवड्याला करावे लागेल.